अमेन्सॅलिझम म्हणताय, पण ते शून्य कोणी मोजलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एका प्रजातीचं नुकसान होतं (वजा) आणि दुसरीला त्याचं काही सोयरसुतक नसतं (शून्य), या संबंधाला अमेन्सॅलिझम म्हणतात. पुस्तकांत उदाहरणं ठरलेली असतात: जिवाणू मारणारं पेनिसिलिन बनवणारी पेनिसिलियम बुरशी आणि शेजारची रोपं कोमेजवणारा काळा अक्रोड. पण भोवतालचे जिवाणू मेले तर बुरशीला काहीच फायदा होत नाही, हे कशावरून? शिवाय तुम्ही स्वतः एका जातीच्या झाडांखालची आणि झाडांपासून दूरची रोपं मोजली आहेत. झाडांखाली ती बरीच कमी आहेत. तर प्रकल्प अहवालात ‘अमेन्सॅलिझम आढळला’ असं लिहावं का?

परीक्षेत विचारलं तर पेनिसिलियम लिहा, गुण घ्या आणि मोकळे व्हा. अहवालात मात्र इतक्यात तसं लिहू नका. तुमची मोजणी चुकली आहे असं मला म्हणायचं नाही. ती अर्धी आहे. झाडांमुळे रोपांचं काय होतं हे तुम्ही पाहिलंत (तेही का होतं, हे अजून ठरायचंय, त्याकडे येतोच). रोपांमुळे झाडांचं काय होतं हे पाहिलंच नाहीत. म्हणजे वजा चिन्ह तुम्हाला सापडलं आणि शून्य तुम्ही गृहीत धरलं. विद्यार्थ्यांचे अहवाल तपासताना मला हे सर्रास दिसतं, आणि त्यांना तरी काय बोलायचं, पुस्तकांतली कित्येक उदाहरणंही अशीच अर्ध्या पुराव्यावर उभी आहेत.

दोन प्रजातींमधल्या संबंधाला नाव द्यायचं तर दोन प्रश्नांची उत्तरं लागतात. ‘अ’ काढून टाकली तर ‘ब’चं काय होतं? आणि ‘ब’ काढून टाकली तर ‘अ’चं काय होतं? पहिल्याचं उत्तर ‘ब सुधारते’ आणि दुसऱ्याचं ‘काही फरक पडत नाही’ असं आलं, तरच वजा–शून्य म्हणायला आधार मिळतो. ऐकायला सोपं आहे, पण दुसरा प्रयोग कोणी करत नाही. ज्यात काही घडणार नाही असं आधीच वाटतंय, त्यासाठी हंगाम कोण घालवणार?

काढून पाहायचं म्हणजे काय, यासाठी परिस्थितिकीशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांचं काम अजूनही नमुना म्हणून सांगतो. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, कंब्रे बेटावर, खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नकल या छोट्या कवचधारी प्राण्यांच्या दोन जाती आहेत: थॅमॅलस आणि बॅलॅनस. थॅमॅलस भरतीच्या वरच्या पट्ट्यात दिसते, बॅलॅनस खालच्या. कॉनेल यांनी थॅमॅलस चिकटलेले दगड उचलून खाली नेऊन ठेवले, आणि एकाच दगडाच्या अर्ध्या भागावरून बॅलॅनस सतत काढत राहिले. प्रत्येक प्राण्याची जागा ते काचेवर खूण करून नोंदवत, त्यामुळे कोण मेलं आणि त्याच्या शेजारी तेव्हा कोण होतं हे सांगता येत असे. बॅलॅनस नसलेल्या अर्ध्या भागात थॅमॅलस खालीही छान जगली. दुसऱ्या अर्ध्यात बॅलॅनसने वाढता वाढता तिला झाकून टाकलं, खालून उचकटलं किंवा दोन्ही बाजूंनी चेपून मारलं. हे १९६१ साली प्रसिद्ध झालं. उलट दिशेला मात्र जवळजवळ काही नाही. वरच्या पट्ट्यात बॅलॅनस टिकत नाही ती तिथल्या कोरडेपणामुळे, थॅमॅलसने अडवलं म्हणून नव्हे.

मग हा अमेन्सॅलिझम का? जवळपास. पण कॉनेल यांनी त्याला स्पर्धाच म्हटलं, आणि मलाही ते पटतं. दोघींना हवी असलेली गोष्ट एकच आहे, खडकावरची जागा. एक इतकी वरचढ आहे की दुसरीचा तिला त्रास जाणवत नाही, एवढंच. १९८१ मध्ये लॉटन आणि हॅसेल यांनी कीटकांमधल्या स्पर्धेचे प्रसिद्ध अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा बरोबरीच्या स्पर्धेपेक्षा एकतर्फी स्पर्धा निदान दुप्पट दिसली. त्यातल्या बऱ्याच जोड्या इतक्या एकतर्फी होत्या की त्यांना अमेन्सॅलिझम म्हटलं तरी चाललं असतं. म्हणजे स्पर्धा आणि अमेन्सॅलिझम यांच्यामध्ये भिंत नाही, उतार आहे. उताराच्या टोकाला नेमकं कुठे नाव बदलायचं हे तुम्ही किती बारीक मोजता यावर ठरतं. आज शून्य दिसलेला परिणाम उद्या जास्त नमुने घेतल्यावर छोटा वजा निघू शकतो.

या उताराच्या टोकाशी नसलेली, खऱ्या अर्थाने वेगळी उदाहरणंही आहेत, आणि तिथे मला शून्यावर जास्त विश्वास बसतो. ती म्हणजे नकळत होणाऱ्या नुकसानाची. स्पेनमधल्या सिएरा नेवाडा पर्वतात आयबेक्स नावाची रानबकरी काटेरी झुडपं खाते. त्याच झुडपांवर जगणारे कीटक तिच्या घासासोबत पोटात जातात, शिवाय त्यांचं खाणंही कमी होतं. कीटकांच्या संख्येवर याचा मोठा परिणाम होतो. कीटकांनी जेवढं खाल्लं त्याने बकरीच्या चाऱ्यात मात्र जाणवण्याजोगी घट होत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसला हा प्रकार. मोठ्या प्राण्यांच्या खुरांखाली तुडवली जाणारी, त्यांच्या खाण्यात नसलेली रोपं, किंवा पाणवठ्याच्या वाटेवर मातीच घट्ट झाल्याने न उगवणारं बी, हेही याच गटात बसतं.

इथे शून्य विश्वासार्ह का वाटतं? कारण नुकसान करणाऱ्याने त्यासाठी वेगळा खर्च केलेला नाही. चालायचं होतं म्हणून तो चालला, खायचं होतं म्हणून त्याने खाल्लं. आता याच कसोटीवर पेनिसिलियम घासून पाहा.

फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पाहिलेल्या त्या बशीत बुरशीजवळच्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंच्या वसाहती विरघळत चालल्या होत्या. पेनिसिलिन जिवाणूंच्या पेशीभित्तिकेतल्या पेप्टिडोग्लायकन या द्रव्याचे टाके घट्ट होऊ देत नाही. बुरशीच्या स्वतःच्या भित्तिकेत ते द्रव्यच नसल्यामुळे तिला काही होत नाही. इथवर सगळं ठीक. ‘तिला काही होत नाही’ यावरून ‘तिला शून्य’ असं पुस्तक म्हणतं, आणि गफलत इथेच आहे. विषाने स्वतःला इजा न होणं वेगळं, आणि शेजारी मेल्याने आपल्या वाढीत फरक न पडणं वेगळं. असं द्रव्य तयार करायला पेशीला ऊर्जा आणि नत्र मोजावं लागतं. मोबदल्यात काहीच मिळत नसेल, तर ते न बनवणारी बुरशी तेवढीच बचत करून पुढे निघून जाईल. पिढ्यानपिढ्या महाग रसायन बनत राहिलंय, तर कुठेतरी त्याची परतफेड होतेय असा संशय आधी घ्यायला हवा.

हा नुसता तर्क नाही. ई. कोलाय जिवाणूंचे काही प्रकार कोलिसिन नावाचं विष बनवतात, आणि बहुतेक कोलिसिनच्या बाबतीत ते बाहेर सोडताना ती पेशी स्वतः फुटून मरते. एवढा मोठा खर्च. चाओ आणि लेविन यांनी १९८१ मध्ये असे विष सोडणारे आणि विषाला बळी पडणारे जिवाणू दोन परिस्थितींत एकत्र वाढवले. ढवळलेल्या द्रवात विष सोडणारे सुरुवातीला थोडे असतील तर हरले, कारण मरणाऱ्यांमुळे मोकळं झालेलं अन्न सगळ्यांच्याच वाट्याला गेलं. मऊ अगारमध्ये (जेलीसारख्या माध्यमात) मात्र ते अगदी थोडे असले तरी जिंकले. तिथे प्रत्येक वसाहतीभोवती मोकळी जागा तयार होते आणि तिथलं अन्न त्याच वसाहतीला मिळतं. आपण प्रयोगशाळेत मोजपट्टी लावून मोजतो ते मोकळं वर्तुळ म्हणजे जिंकलेली जमीनच असते.

त्यामुळे तुमची शंका रास्त आहे. पेनिसिलियम हे बहुतेक परिस्थितींत स्पर्धेचं हत्यार आहे असं मी धरून चालतो, आणि परिस्थितीनुसार फायदा शून्याच्या जवळही जाऊ शकतो हे मान्य करतो. एकाच जोडीचं उत्तर बशीत एक आणि ढवळलेल्या चंबूत दुसरं येतं, हे मात्र लक्षात ठेवा. ‘या दोन प्रजातींमध्ये अमेन्सॅलिझम आहे’ असं वाक्य परिस्थिती न सांगता लिहिणं म्हणूनच धोक्याचं आहे.

काळ्या अक्रोडाचं थोडं वेगळं आहे. त्याच्या मुळांत, पानांत आणि फळाच्या सालीत हायड्रोजुग्लोन नावाचं रंगहीन द्रव्य असतं. हवा लागली की त्याचं जुग्लोन होतं, आणि तेच बाधक. हिरवी साल हातांनी सोलली तर बोटं तपकिरी-काळी पडतात आणि रंग काही दिवस जात नाही, तो याच रसायनांचा प्रताप. टोमॅटोसारखी रोपं जुग्लोनने कोमेजतात हे खरं आहे. पण जुग्लोन पाण्यात फारसं विरघळत नाही, मातीत लांबवर पसरत नाही, आणि मातीतले जिवाणू त्याचं विघटनही करतात. खेळती हवा असलेल्या जमिनीत ते साचत नाही, पाणी तुंबणाऱ्या जमिनीत साचू शकतं. अक्रोडाखाली व्यवस्थित वाढणाऱ्या वनस्पतीही पुष्कळ आहेत. शिवाय असली द्रव्यं कीटकांपासून आणि रोगांपासून बचावालाही उपयोगी पडतात, त्यामुळे त्यांचा खर्च त्या खात्यावर वसूल होत असेल आणि शेजारच्या रोपांचं नुकसान हे नुसतं ओघाने होणारं असेल, अशी शक्यता उरते. तसं असेल तर शून्य बऱ्यापैकी खरं ठरेल. फक्त ते दाखवायला रोपांची कोमेजलेली पानं पुरत नाहीत, झाडाकडे पाहावं लागतं.

आता तुमच्या झाडांखालच्या मोकळ्या जमिनीकडे येऊ. इथे घाईने ‘विष’ म्हणणाऱ्यांनी एक प्रकरण माहीत करून घ्यावंच. कॅलिफोर्नियात सॅल्व्हियाच्या सुगंधी झुडपांभोवती साधारण १ ते २ मीटरचा उघडा पट्टा असतो, त्यापलीकडे गवत. मुलर आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये मांडलं की झुडपांतून उडणारी कापूर आणि सिनिओलसारखी द्रव्यं गवताचं बी उगवू देत नाहीत. प्रयोगशाळेत त्या वाफांनी रोपांची वाढ थांबत होती, झुडपांचा वासही उग्र, सगळं जुळत होतं. मग १९७० मध्ये बार्थोलोम्यू यांनी त्या उघड्या पट्ट्यावर बारीक जाळीचे पिंजरे ठेवले. पिंजऱ्यांच्या आत गवत उगवलं. झुडूप तेच, वास तोच. उंदीर, ससे आणि पक्षी झुडपाच्या आडोशाला राहून तेवढ्याच अंतरात बाहेर येत आणि बी-रोपं फस्त करत, कारण त्याहून लांब गेलं तर शिकारी पक्ष्यांच्या नजरेला पडायची भीती. पट्ट्याची रुंदी विषाच्या पल्ल्यापेक्षा उंदराच्या धाडसाशी जास्त जुळत होती! रसायनांचा काहीच हात नव्हता असं यातून सिद्ध होत नाही. मोकळी जमीन पाहून कारण सांगता येत नाही, एवढं मात्र पक्कं होतं.

तुमच्या बाबतीत सावली, पाण्याची ओढ, पालापाचोळ्याचा थर, खाणारे प्राणी आणि रसायन, हे पाचही संशयित आहेत. पिंजरा लावला की प्राणी बाजूला होतात. झाडापासून दूर सावलीची जाळी बांधली की नुसत्या सावलीने किती फरक पडतो ते कळतं. पाचोळ्याच्या दोन बाजू असतात, थर म्हणून होणारा अडथळा आणि त्यातून झिरपणारी द्रव्यं. तेवढ्याच जाडीचा प्लॅस्टिकच्या कापलेल्या पट्ट्यांचा थर घालून त्या वेगळ्या करता येतात. मुळांची ओढ पाहायला चर खणून मुळं तोडतात, पण तोडलेली मुळं कुजून मातीत पोषण सोडतात, म्हणून पहिल्या काही आठवड्यांच्या आकड्यांवर मी भिस्त ठेवत नाही.

रसायनाची चाचणी करताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पानं मिक्सरमधून काढून, त्याचा दाट अर्क बियांवर ओतून ‘उगवण घटली’ असं दाखवणारे अहवाल ढिगाने असतात. जवळपास कुठल्याही पानाचा इतका दाट अर्क ओतलात तर उगवण घटेलच. त्यात साखरा आणि क्षार इतके असतात की बीला पाणी ओढून घेणंच अवघड होतं. म्हणून पाणी तेवढंच ओढून धरणारं, म्हणजे तेवढ्याच परासरण दाबाचं, मॅनिटॉलचं (साखरेसारख्या एका द्रव्याचं) द्रावण कंट्रोल म्हणून हवं, आणि दोन्हींचा सामू सारखा हवा. त्याहून चांगलं म्हणजे पानं न चिरडता, पावसात भिजतील तशी भिजवून निथळलेलं पाणी वापरा. उगवणीची टक्केवारी काढून थांबू नका, रोपं उपटून मुळं पाहा. निरोगी मुळाचं टोक फिकट, टोकदार, त्यामागे केसांची लव. बाधलेलं मूळ आखूड, टोकाशी जाड आणि तपकिरी, लव गायब. उगवण दोन्हींत सारखी असूनही मुळांत हा फरक दिसतो, असं मी पुष्कळदा पाहिलंय.

मला सर्वात आवडणारी चाचणी गर्दीची आहे. वाइडेनहॅमर आणि सहकाऱ्यांनी ती १९८९ मध्ये मांडली, आणि ती करायला नुसत्या कुंड्या लागतात. झाडाखालची माती आणि दूरची माती घ्या. सारख्या कुंड्यांत काहींत एक रोप, काहींत चार, काहींत बारा लावा. अन्नपाण्याची टंचाई हे कारण असेल तर गर्दी वाढेल तसा त्रास वाढेल. मातीत विष असेल तर चित्र उलटं होऊ शकतं. कुंडीतलं विष ठरावीक असतं. एकट्या रोपाला ते सगळं प्यावं लागतं, बारा जणांत प्रत्येकाच्या वाट्याला थोडं येतं. म्हणून दूरच्या मातीशी तुलना करता एकटं रोपच सर्वात जास्त खुरटलेलं निघालं, तर रसायनाचा संशय बळावतो. टंचाईने असा आकृतिबंध तयार होणं कठीण. काही जण मातीत सक्रिय कोळसा मिसळून विष शोषून घेतात आणि रोपं सुधारली की निष्कर्ष काढतात. कोळसा पोषणद्रव्यांचं गणितही बदलतो, तेव्हा तो एकट्याने पुरावा म्हणून वापरू नका.

हे सगळं झालं पहिल्या प्रश्नाबद्दल. राहिलेला अर्धा भाग झाडाचा. काही झाडांखालची सगळी रोपं नियमित काढत राहा, काहींखाली तशीच राहू द्या, आणि खोडाच्या घेराला मापनपट्टा बांधून वाढ नोंदवा. झाड मोठं असेल तर फरक दिसण्याची शक्यता कमीच, पण वय लिहायला विसरू नका. तेच झाड रोपावस्थेत असताना भोवतालचं गवत त्याचं पाणी पळवून त्याला चांगलंच मागे खेचतं. गवत आणि झाड हीच जोडी घेतली तर झाडाच्या लहानपणी नुकसान झाडाचं, पुढे सावली पडू लागली की गवताचं. शून्य दिसतं ते फक्त झाड डोईजड झाल्यावरच्या काळात.

आणि ‘फरक लक्षणीय नाही’ असं सांख्यिकीने सांगितलं म्हणजे शून्य सिद्ध झालं असं समजू नका. पाच झाडं मोजली तर बहुतेक कुठलाच फरक लक्षणीय येणार नाही. प्रयोगाआधीच ठरवा की वाढीत किती टक्क्यांपर्यंतचा फरक तुम्ही नगण्य मानाल आणि का. नंतर फरकाचा विश्वास-अंतराल (खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा तो पट्टा) त्या मर्यादेच्या आत पूर्ण बसतो का ते पाहा. बसला तर ‘या मर्यादेपर्यंत परिणाम नाही’ म्हणा. मर्यादेबाहेर डोकावत असेल तर ‘सांगता येत नाही’ हेच उत्तर, आणि ते लिहायला लाजू नये.

तूर्त हातात असलेल्या आकड्यांवर अहवालात असं लिहा: ‘या झाडांखाली रोपांची घनता दूरच्या जागेपेक्षा कमी आढळली, कारण वेगळं करून तपासलेलं नाही, रोपांचा झाडांवरचा परिणाम मोजलेला नाही.’ चर्चेच्या भागात अमेन्सॅलिझम ही एक शक्यता म्हणून जरूर मांडा, एकतर्फी स्पर्धेच्या शेजारी. परीक्षकाने पेनिसिलियमचं उदाहरण काढलं तर कोलिसिनचा प्रयोग सांगा, चर्चा रंगेल.

उगवणीचा हंगाम अजून शिल्लक असेल तर आधी जाळीचे पिंजरे लावा. खर्च थोडा आहे आणि उत्तर त्याच हंगामात मिळतं. खोडांवरचे पट्टेही त्याच दिवशी बांधून टाका, त्यांचं उत्तर यायला निदान दोन हंगाम लागतील.